पेट्रोल लॉन मोवर: जागा मोजण्यापासून दिवाळीनंतर ठेवण्यापर्यंत

घरच्या बागेतला पेट्रोल मोवर गवत कापून झिजत नाही. तो बिघडतो ते वर्षातले सात-आठ महिने कोपऱ्यात उभा असताना. दिवाळीच्या आसपास शेवटचं कापून झालं की टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच ठेवून तो गॅरेजात ढकलला जातो. मृगाचा पाऊस पडून गवत घोट्याच्या वर आलं की दोरी ओढायला सुरुवात होते आणि इंजिन दाद देत नाही. जून-जुलैत मेकॅनिककडे आधीच रांग असते. आपला नंबर लागेपर्यंत गवत गुडघ्याला लागलेलं असतं, आणि मग ते मोवरच्या आवाक्यातलंही राहत नाही.

दुसरा गोंधळ खरेदीच्या वेळी होतो. जागा न मोजता, जमीन न बघता, नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर मशीन घेतलं जातं. खाली सगळे टप्पे क्रमाने दिलेत. देखभालीच्या टप्प्यांत तर क्रम अजिबात बदलू नका, कारण आधीचं काम राहिलं की पुढचं केलेलं वाया जातं.

## टप्पा १: आधी जागा मोजा

प्लॉटचं क्षेत्रफळ इथे उपयोगाचं नाही. घर, फरशी, वाफे, झाडांची आळी सोडून निव्वळ गवताखाली किती जागा आहे ते टेपने मोजा. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट.

अर्ध्या गुंठ्यापर्यंत लॉन असेल तर पेट्रोल मोवर घेऊच नका. हाताने ढकलायचा, फिरत्या पात्यांचा साधा मोवर तिथे पुरतो. दोन गुंठ्यांपर्यंत जागा असेल आणि बागेच्या टोकापर्यंत वायर पोहोचत असेल, तर विजेवरचा १२०० ते १८०० वॅटचा मोवर बघा. त्याला तेल, कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), शिळं पेट्रोल यातली एकही काळजी नाही. दोन गुंठ्यांच्या पुढे, किंवा वीज बेभरवशाची असलेल्या फार्महाऊसवर, पेट्रोलचा मोवर खरा कामाचा. १६ ते १८ इंच रुंदीचं ब्लेड असलेला मोवर वळणं आणि पिशवी रिकामी करणं धरून तासाभरात साधारण पाच गुंठे उरकतो. आठ-दहा गुंठ्यांच्या वर २० किंवा २१ इंची घ्या, तोही स्वतः पुढे चालणारा.

आता जमीन बघा. चार फुटांची सरळ फळी लॉनवर ठिकठिकाणी आडवी ठेवा. फळीखाली मूठ शिरत असेल तर तिथे ब्लेड एका बाजूला माती खरवडणार आणि दुसऱ्या बाजूला गवत सोडणार. अशा खळग्यांत आधी गाळाची माती भरून सपाटी करा. जांभ्याचे दगड वर आलेल्या, उतारावरच्या किंवा झाडांच्या मुळांनी भरलेल्या जागेवर मोवर चालत नाही. तिथे खांद्यावरचा ब्रश कटर, म्हणजे आपण ज्याला सरसकट ग्रास कटर म्हणतो, तोच हवा. कोकणातल्या कित्येक घरांना खरं तर त्याचीच गरज असते आणि घेतला जातो मोवर.

तपासा: गवत गुडघ्याएवढं असलेली पडीक जागा मोवरने साफ होईल असं दुकानात कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अशी जागा आधी ब्रश कटरने चार इंचांवर आणायची, काडीकचरा उचलायचा, मग मोवर.

## टप्पा २: दुकानात काय बघायचं

इंजिन फोर-स्ट्रोक असावं. घरच्या मोवरला १४० ते १९० सीसीचं इंजिन पुरेसं आहे. हॉर्सपॉवरचे आकडे जाहिरातीत फुगवलेले असतात, म्हणून तुलना सीसीवर आणि ब्लेडच्या रुंदीवर करा.

डेक, म्हणजे ब्लेडवरचं मोठं झाकण, कशाचा आहे ते वाकून बघा. पत्र्याचा डेक मजबूत असतो, पण ओलं गवत आत चिकटून राहिलं की रंग सुटून गंजतो. समुद्राजवळ राहत असाल तर ॲल्युमिनियमचा किंवा चांगल्या जाड प्लास्टिकचा डेक घ्या. चाकांत बॉल बेअरिंग आहे का ते चाक हाताने फिरवून बघा. कापण्याची उंची एका दांडीने बदलत असेल तर उत्तम. चार चाकांना चार वेगळ्या दांड्या असल्या की एक चाक हमखास वेगळ्या खाचेत राहतं आणि लॉन तिरकं कापलं जातं.

हँडलवरची धरून ठेवायची दांडी सोडली की इंजिन आणि ब्लेड तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. ही सोय नसलेला मोवर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १८ इंची ब्लेड मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो.

स्वतः चालणाऱ्या मोवरमध्ये पट्टा, गिअरबॉक्स आणि एक केबल जास्त असते, म्हणजे बिघडायच्या जागाही तेवढ्याच वाढतात. तीन-चार गुंठ्यांच्या सपाट लॉनला त्याची गरज नाही. कापलेल्या गवताचा बारीक चुरा करून लॉनवरच पसरवणारी मल्चिंगची सोय गवत कोरडं असताना छान चालते. पावसाळ्यात मात्र ओल्या गवताचे गोळे पडतात, म्हणून मागे पिशवी लागतेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणा, याच मॉडेलचा एक एअर फिल्टर आणि एक ब्लेड आत्ता बिलात लावा. काढून दिलं, तर पुढची काही वर्षं निभतील. “मागवून देतो” असं उत्तर आलं, तर दुसऱ्या मॉडेलकडे वळा. दोन वर्षांनी दोरीची स्प्रिंग तुटल्यावर हाच प्रश्न विचारायची वेळ येते, आणि तेव्हा मशीन परत देता येत नाही.

## टप्पा ३: पहिल्यांदा सुरू करण्याआधी

नवा मोवर खोक्यातून बहुतेक वेळा इंजिन ऑइलशिवाय येतो. पेट्रोल भरून थेट दोरी ओढली तर काही मिनिटांत इंजिन जाम होतं, आणि ही मोडतोड वॉरंटीत बसत नाही.

१. मोवर सपाट फरशीवर ठेवा. हँडल उघडून बोल्ट घट्ट करा आणि केबल कुठे दुमडली नाही ना ते बघा.

२. पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल घ्या. आपल्या हवामानात बहुतेक इंजिनांना एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० चालतं. स्कूटरसाठी मिळणारं १०डब्ल्यू-३० फोर-स्ट्रोक ऑइल कुठल्याही गॅरेजात मिळतं.

३. या इंजिनांत साधारण अर्धा लिटर ऑइल बसतं. नरसाळ्याने आधी ४०० मिली ओता, दोन मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची काडी) पुसून बघा. मग थोडं थोडं ओतत वरच्या खुणेपर्यंत या. डिपस्टिक फिरवून आत घालून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ते पुस्तिकेत वाचा, नाहीतर मोजमापच चुकतं.

४. पेट्रोल साधं भरा, त्यात ऑइल मिसळू नका. ऑइल मिसळायचं ते ब्रश कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात. घरात दोन्ही मशीन असतील तर दोन वेगळे कॅन ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा.

५. पहिल्या पाच तासांच्या वापरानंतर ऑइल बदला. नव्या इंजिनातले घासून निघालेले धातूचे कण त्यात उतरलेले असतात.

थांबा: ऑइल खुणेच्या वर गेलं असेल तर “चालेल” म्हणू नका. जादा ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, पांढरा धूर येतो आणि स्पार्क प्लग ओला होतो. आधी जादाचं काढा, मगच सुरू करा.

## टप्पा ४: पेट्रोलची शिस्त

निम्म्याहून जास्त दुखणी इथून सुरू होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

२०२५ पासून देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. छोट्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. नवा मोवर घेताना त्याला ई-२० चालतं का हे पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर बघून घ्या. जुना मोवर असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या दर पावसाळ्याआधी बोटाने दाबून तपासा. फुगलेली, चिकट झालेली किंवा तडे गेलेली नळी लगेच बदला.

इथेनॉलची खरी अडचण ओलाव्याची आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नसतो. पाणी एका मर्यादेच्या पुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. मोवर पेट्रोल घेतो तेही तळातूनच. कार्ब्युरेटरच्या वाटीत हे मिश्रण राहिलं की पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीवर, म्हणजे जेटवर, हिरवट थर चढतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते. त्या जेटचं भोक केसाएवढं बारीक असतं. ते बुजायला फार काही लागत नाही.

म्हणून:

१. एका वेळी दोन-तीन कापण्यांपुरतंच पेट्रोल आणा, लिटर-दोन लिटर. पावसाळ्यात ते पंधरा-वीस दिवसांत संपवा. उरलं तर शिळं होण्याआधी स्कूटरच्या टाकीत ओता.

२. घट्ट झाकणाचा धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन वापरा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पंपावर पेट्रोल मागू नका.

३. जाळीच्या नरसाळ्यातून भरा. टाकी काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा.

४. इंजिन गरम असताना कधीही भरू नका. मधेच संपलं तर दहा-पंधरा मिनिटं चहाला जा, मग भरा.

५. मोवरला पेट्रोलचा कॉक असेल तर कापणं संपल्यावर इंजिन बंद करण्याऐवजी कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबू द्या. वाटीतलं पेट्रोल जळून जातं. ही एक सवय लावली तर कार्ब्युरेटर साफ करायची वेळ क्वचितच येते.

तपासा: कॅनमधल्या पेट्रोलबद्दल शंका असेल तर थोडं काचेच्या पारदर्शक बरणीत ओतून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल गढूळ वाटलं तर ते इंजिनात जाऊ देऊ नका. गटारात किंवा मातीतही ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

## टप्पा ५: दर वेळी कापताना

आधी लॉनवर एक पूर्ण फेरी मारा. झावळीचे तुकडे, करवंट्या, गोटे, मुलांची खेळणी, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे उचला. पाण्याच्या फवाऱ्याची तोंडं कुठे आहेत ते बघून ठेवा. पावसाळ्यात ही फेरी काठी आपटत मारा, गवतात बेडूक असतो तिथे साप येतो. पायात बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. चप्पल घालून मोवर चालवणं हा हौसेचा अपघात आहे. मुलं आणि कुत्री घरात.

मग ऑइलची डिपस्टिक बघा. दर वेळी बघा.

सुरू करताना थंड इंजिनाला चोक द्या किंवा रबरी बटण तीन वेळा दाबा. ज्याला जे असेल ते. सुरू झाल्यावर चोक हळूहळू काढा. गरम इंजिनाला पुन्हा चोक देऊ नका, प्लग पेट्रोलने भिजतो. तसं झालंच तर चोक काढून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे प्लग सुकतो.

कापताना इंजिनाचा वेग पूर्ण ठेवा. पेट्रोल वाचावं म्हणून वेग कमी करणारे बरेच दिसतात. त्याने ब्लेड गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि दुसऱ्या दिवशी लॉनची टोकं पांढरी पडतात. गवत जड असेल तर इंजिनाचा वेग नको, आपली चाल कमी करा.

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. बंगल्याच्या बारीक पानांच्या लॉनला दीड इंच उंची ठीक आहे, पावसाळ्यात दोन इंच ठेवा. सुट्टीवरून परत आल्यावर गवत पाच इंच झालेलं असेल, तर पहिल्या दिवशी साडेतीनवर आणा आणि तीन-चार दिवसांनी आणखी खाली. एका दमात दीड इंचावर आणलं की खालची पिवळी खोडं उघडी पडतात. मग त्या मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो, आणि तो काढायला वर्ष जातं.

पाऊस नुकताच थांबला असेल तर चार-पाच तासांची उघडीप मिळू द्या. सतत झड लागली आणि ओलं कापणं टळत नसेल, तर उंची एक खाच वर करा आणि अर्ध्या रुंदीचा पट्टा घ्या. उतारावर आडवं चाला, वर-खाली नाही. पाय घसरला तर वरून येणारा मोवर तुमच्याच अंगावर येतो.

थांबा: पिशवीचं तोंड किंवा डेक तुंबला तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी ओढून काढा, मगच हात घाला, तोही काडी घेऊन. गवताच्या गोळ्याने अडकलेलं ब्लेड मोकळं झालं की किंचित फिरतं, आणि टोपी लागलेली असेल तर तेवढ्यानेही इंजिन सुरू होऊ शकतं.

## टप्पा ६: कापून झाल्यावर

गवताचा लगदा ओला असतानाच निघतो. दुसऱ्या दिवशी तो सिमेंटसारखा बसतो आणि त्याच्याखाली पत्रा गंजायला लागतो. इंजिन कोमट होऊ द्या, प्लगची टोपी काढा, मोवर कलता करा आणि लाकडी पट्टीने डेक खरवडून घ्या.

मोवर कसा कलता करायचा, ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट आहे. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू नेहमी वर राहिली पाहिजे. उलट्या बाजूला पाडलात की ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि पेट्रोल ऑइलमध्ये जातं. मग “काल चालू होता, आज सुरूच होत नाही” अशी तक्रार येते. सगळ्यात सुरक्षित म्हणजे हँडल मागे जमिनीकडे नेऊन पुढची चाकं उचलणं. टाकी भरलेली असताना तेही करू नका.

पाइपने पाणी मारायचं असेल तर फक्त डेकच्या आत. इंजिनावर, विशेषतः एअर फिल्टर आणि प्लगच्या बाजूला, पाण्याचा फवारा मारू नका.

पिशवी उन्हात वाळवा. ओलसर पिशवीची जाळी बुरशीने बुजते, आणि हवा बाहेर जात नसली की गवत पिशवीत उडतच नाही.

## टप्पा ७: ब्लेड

कापलेल्या गवताचं एक टोक हातात घेऊन बघा. कड सरळ असेल तर ब्लेड ठीक आहे. तंतू निघालेले, फाटलेलं टोक असेल तर धार गेली. घरच्या वापरात हंगामात एकदा, आणि माती-खडी लागत असेल तर दोनदा धार लावावी लागते.

१. प्लगची टोपी काढून दूर बांधा.

२. ब्लेड आणि डेकच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे बोल्ट सोडवताना ब्लेड फिरत नाही. काढण्याआधी खालच्या बाजूला खडूने खूण करा.

३. शिकंज्यात धरून कानशीने मूळ कोनातच धार लावा. चाकूसारखी पातळ धार करू नका, ती पहिल्या खड्याला दुमडते. ग्राइंडरवर लावत असाल तर पोलाद निळं पडू देऊ नका, निळा पडलेला भाग मऊ होतो.

४. ब्लेडचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली जाते ती जड, तिथली थोडी घासा, पण धारेच्या मागची. दोन्ही बाजू आडव्या राहिल्या की तोल बरोबर. हे टाळलं तर मशीन थरथरतं आणि इंजिनाच्या खालच्या बेअरिंगचा जीव जातो.

५. परत बसवताना ब्लेडची वर वळलेली पंखासारखी कड डेककडे, म्हणजे आकाशाकडे असली पाहिजे. उलटं बसलेलं ब्लेड फिरतं, आवाजही नेहमीचाच येतो, गवत मात्र कापलं जात नाही. खडूची खूण यासाठीच होती. बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने आवळा.

वाकलेलं किंवा चीर गेलेलं ब्लेड ठोकून सरळ करायचं नसतं. ते बदलायचं.

## टप्पा ८: वर्षाची सर्व्हिस, आणि ती दिवाळीनंतरच

पुस्तिकेत “दर ५० तासांनी ऑइल बदला” असं असतं. चार-पाच गुंठ्यांच्या लॉनचा अख्ख्या पावसाळ्याचा वापर पंधरा-वीस तासांचा होतो. म्हणून लोक ५० तासांची वाट बघतात आणि तीन वर्षं तेच ऑइल राहतं. त्याच ओळीत “किंवा वर्षातून एकदा” असंही लिहिलेलं असतं, आणि घरच्या मोवरला तीच अट लागू पडते.

सर्व्हिस मे महिन्यात करायची पद्धत आहे, ती बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल जमा झालेलं असतं. ते बेअरिंगवर आठ महिने बसवून ठेवण्यात शहाणपण नाही. शेवटचं कापलं की त्याच आठवड्यात खालची कामं याच क्रमाने करा.

१. पेट्रोल संपवा. टाकीतलं बहुतेक पेट्रोल हातपंपाने काढून घ्या. उरलेल्यावर मोवर मोकळ्या हवेत चालवून आपोआप बंद होऊ द्या. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा निचरा करायचा बोल्ट सैल करून तळातले थेंबही काढा. बऱ्याच कार्ब्युरेटरना दोन बोल्ट असतात. बाजूचा तिरका बोल्ट निचऱ्याचा, अगदी मधला वाटी धरून ठेवतो.

२. ऑइल काढा. पहिल्या कामामुळे इंजिन आता गरम आहे, ऑइल पातळ झालंय, आणि टाकी रिकामी असल्याने मोवर बिनधास्त कलता करता येतो. आधी ऑइल आणि मग पेट्रोल असा उलटा क्रम घेतला की या तिन्ही सोयी जातात. प्लगची टोपी काढा आणि मगच कलता करा. जुनं ऑइल डब्यात धरून गॅरेजला द्या. वाळवीसाठी झाडाच्या बुंध्याला ते फासायची सवय सोडा, शेवटी ते मातीतच उतरतं.

३. डेक आणि ब्लेड. मशीन कलतं आहे तोवरच डेक खरवडा, ब्लेड काढून धार लावा, पत्र्याचा रंग गेला असेल तिथे घासून रंगाचा हात द्या.

४. नवं ऑइल भरा. मशीन सरळ करून, डिपस्टिक बघत.

५. एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळून बसवा. कागदाचा असेल तर हलकेच आपटून धूळ झाडा. पाण्याने धुऊ नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. आतून प्रकाश दिसत नसेल तर नवा घाला. लॉनभोवती उघडी माती असेल तर फिल्टर महिन्याला बघावा लागतो.

६. प्लग. काढून रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. काळी सुकी काजळी म्हणजे फिल्टर तुंबलाय किंवा चोक पूर्ण निघत नाही. ऑइलने ओला म्हणजे ऑइल जास्त झालंय किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. प्लगच्या टोकाची फट साधारण ०.७ ते ०.८ मिमी. प्लग स्वस्त असतो, दोन वर्षांनी बदलूनच टाका.

७. सिलिंडरला तेल. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, प्लग हाताने बसवून आवळा, टोपी न लावता दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा. दोरी जड लागते तिथे थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आत दमट हवा शिरत नाही.

## टप्पा ९: ठेवायची जागा

मोवर फळीवर ठेवा, थेट फरशीवर नको. शेजारी युरिया किंवा मिठाची पोती नकोत, त्यांच्या ओलाव्याने ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला की आत घाम धरतो. जुनी सुती चादर चांगली.

सायलेन्सरचं तोंड कापडाने बंद करा आणि हँडलला चिठ्ठी बांधा: “सायलेन्सरचं कापड काढा.” हे न केल्यास कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. तीच टाकीच्या झाकणातल्या हवेच्या बारीक भोकातही माती भरते. इंजिनावरच्या प्लास्टिक झाकणाखाली उंदीर चिंध्या-गवताचं घरटं करतात, आणि इंजिनाला थंड ठेवणारी हवा अडते.

## टप्पा १०: मे अखेर बाहेर काढताना

पाऊस यायच्या पंधरा दिवस आधी काढा. चिठ्ठी वाचा, कापड काढा, इंजिनावरचं झाकण खोलून घरटं नाही ना बघा, डिपस्टिक बघा, ताजं पेट्रोल भरा, प्लगची टोपी लावा. पहिल्या मिनिटात पांढरा धूर येईल. तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा असतो, आपोआप थांबतो.

तरीही अडलं, तर मेकॅनिककडे नेण्याआधी लक्षण नीट बघून घ्या. त्याला ते सांगितलंत तर काम निम्म्या वेळात होतं.

चोकवरच चालतो, चोक काढला की मरतो: मुख्य जेट बुजलंय. वाटी काढून कार्ब क्लीनर मारा आणि बारीक तांब्याच्या तारेने भोक मोकळं करा. लोखंडी तार किंवा सुई वापरलीत तर भोक मोठं होतं, मग इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं.

वेग आपोआप वर-खाली होत राहतो: कमी वेगाचं छोटं जेट अर्धवट बुजलंय, किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून जादा हवा आत येतेय.

दोरी हाताला उलटा झटका देते: ब्लेड दगडावर किंवा खुंटावर आपटलं होतं का, ते आठवा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाच्या, आत एक छोटी धातूची की (खुंटी) असते, ती धक्क्याने कापली गेली की ठिणगीची वेळ चुकते. की बदलली की मशीन पूर्ववत होतं. पण त्यासोबत थरथरही येत असेल तर क्रँक, म्हणजे ब्लेड फिरवणारा दांडा, वाकलाय का हे आधी तपासायला सांगा, नाहीतर नव्या कीचे पैसे फुकट जातात.

वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालतो: बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करा. “फुस्” असा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. ते टाचणीने मोकळं करा. झाकण सैल करूनही सुरू होत नसेल तर ठिणगी देणारी इग्निशन कॉइल गरम झाल्यावर काम सोडतेय. ती दुरुस्त होत नाही, नवीच बसवावी लागते.